ओरखड्यातला रंग

मुलांनो, नदीच्या वळणावरच्या एका जंगलात, उंबराच्या झाडावर, एक कावळी राहत असे. तिला चांदीची जुनी नाणी जमवायचा भारी नाद! पुलावरून जाणारी माणसं नदीत नाणी टाकत. पाणी ओसरलं की ती वाळूत दिसत आणि कावळी ती उचलून ढोलीत ठेवी. ढोलीत पडून राहिलेल्या चांदीवर हळूहळू रंग चढतो, आधी कडेला पिवळसर, मग तांबूस, मग निळा. याला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून असं रंगलेलं नाणं ज्याच्याकडे, त्याला त्या जंगलात फार मान. कावळीकडे असं एकच होतं, तिच्या आईने ठेवलेलं, आणि तेही अजून कडेलाच रंगलं होतं.

एके सकाळी कोल्हा आला. त्याच्या पंजात एक नाणं होतं, या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसतं जांभळं-निळं! "वहिनी, वारुळात शंभर वर्षं होतं हे. परवा उकरून काढलं. उकरताना माझं नख लागून तेवढा एक ओरखडा पडला बघा, बाकी कसं अस्सल! तुमच्याकडचे सुके मासे द्या आणि घ्या." आता हे सुके मासे म्हणजे कावळीच्या दोन पिल्लांचं पावसाळ्याचं खाणं. नदी फुगली की ताजा मासा कुठला मिळायला? कावळीने पिल्लांकडे पाहिलं, मग नाण्याकडे पाहिलं. "थांबा भावजी, काढते मासे," ती म्हणाली.

त्याच झाडावर एक खार होती. पान पडलं तरी दचकायची बिचारी. ती नाणं बघायला खाली आली, नाक जवळ नेलं आणि टुणकन मागे उडाली.

"काय गं, नाण्याला पण घाबरलीस?" कोल्हा खो खो हसला.

"न-नाही," खार म्हणाली. एकेक पाऊल टाकत ती पुन्हा पुढे आली. "काकू, तुमचं नाणं आणता का जरा? शेजारी ठेवून बघू." दोन्ही नाणी शेजारी शेजारी ठेवली. "हे बघा, तुमच्या नाण्याचा रंग कडेकडून आत यायला लागलाय, अक्षरांच्या आडोशाला अजून पांढरी चांदी आहे. यांचं मात्र सगळीकडे सारखंच, जसं काही बुडवून काढलंय. आणि कोल्हेकाका, रागावू नका हं... नख परवा लागलं म्हणता ना?"

"हो, परवाच!"

"मग ओरखड्याच्या आत चांदी पांढरी दिसायला हवी. तिथेही जांभळा रंग कसा? आणि याला... याला उकडलेल्या अंड्याचा वास येतोय."

"अंडं?" झुडपातून रानकोंबडी फडफडत बाहेर आली. "कुठलं अंडं? माझं एक अंडं परवापासून सापडत नाहीये!"

कोल्ह्याचे कान खाली पडले. चोरलेलं अंडं गरम राखेत शिजवून, त्याच्या बलकात नाणं पुरून त्याने हा झटपट रंग आणला होता. "मी... मी जरा निघतो," म्हणत तो वळला, पण कोंबडी त्याच्या शेपटीमागे लागली होती. "अहो, टोचू नका, टोचू नका!" असं ओरडत तो नदीपलीकडे दिसेनासा झाला. नाणं तिथेच राहिलं.

कोंबडी धापा टाकत परत आली. नाण्याकडे बघून म्हणाली, "मला काय करायचंय हे? ठेव बाई तूच."

कावळीने ते वाळूने घासून पांढरं केलं आणि आईच्या नाण्याशेजारी ढोलीत ठेवलं. "रंगू दे आता सावकाश," ती म्हणाली. मग तिने पिल्लांना एकेक सुका मासा दिला आणि खारीला हाक मारली, "ये गं, उंबरं पिकलीत!" खार आधी दचकली आणि मग आली.

तात्पर्य : ज्याला वर्षं लागतात ते कोणी एका दिवसात आणून दिलं, तर घाबरत घाबरत का होईना, पण जवळ जाऊन नीट बघावं आणि मनातली शंका बोलून दाखवावी.