शेवटची ओळ

"मग ती ओळ दिसते, तरी यंत्र का बंद पडतं?" विक्रांतने विचारलं.

अच्युतबाबा पडद्याकडे बघत होते.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं : सर्व काही सुरळीत सुरू झाले. – विक्रांत गावंडे.

त्यापुढे यंत्र निपचित होतं. कोणतंही बटण दाबलं तरी हलत नव्हतं.

सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचा मठ होता. मठाला लागून दोन खोल्यांचा दवाखाना. डोंगरातली माणसं बुधवारी तिथे औषधाला येत. कोणाला कोणतं औषध चालू आहे, कोणाला काय सोसत नाही, हे सगळं त्या एका संगणकात होतं. तो सोमवारपासून बंद होता. आज बुधवार होता.

हा संगणक बाबांनीच मांडलेला. मठात येण्याआधी ते टेलिफोनच्या कामात होते. आता त्यांचे डोळे साथ देत नव्हते. आज यंत्र चाललं तर त्याची जबाबदारी विक्रांतकडे द्यायची, नाही तर शहरातून माणूस बोलवायचा, असं त्यांनी सकाळी सांगून टाकलं होतं. विक्रांत शिकलेला होता, हुशार होता. हे काम त्याला मनापासून हवं होतं.

संगणक सुरू होतो तेव्हा त्याची मोठी व्यवस्था डिस्कमध्ये कुलूपबंद असते. म्हणून आधी एक छोटी, तात्पुरती व्यवस्था जागी होते. ती डिस्क शोधते, कुलूप उघडते. मग स्वतःच्या फाइली पुसून टाकते आणि आपली जागा मोठीला देते. ही छोटी व्यवस्था म्हणजे बाबांनी लिहिलेल्या तीसेक ओळी. विक्रांतने त्या सुधारल्या होत्या. यंत्र पूर्वीपेक्षा लवकर सुरू होऊ लागलं होतं, हेही खरं.

औषधं देणाऱ्या कुंदाताई टेबलापाशी आल्या, पडदा वाचला.

"इंजिनीअरसाहेब, तुमचं नाव दिसतंय. माझ्या पेशंटांची कधी दिसणार?"

विक्रांतने मान खाली घातली.

बाबांनी विचारलं, "सोमवारी काय बदललंस?"

विक्रांतने अडखळत सांगितलं. सगळ्या कामाच्या शेवटी त्याने आपली एक ओळ लिहिली होती. यंत्र रोज उत्तम चाले, पण ती ओळ काही उमटेना. महिनाभर त्याने वाट पाहिली. मग त्याला दिसलं, की आधीच्या ओळीतला एक शब्द आड येतोय. सोमवारी त्याने तो काढला. ओळ उमटली.

"काय सांगत होता तो शब्द?"

"की... माझ्या जागी मोठीला बसव. मी परत येणार नाही."

"आणि तो काढल्यावर?"

"मोठीला उठवायचं, तिचं काम लागलं की परत माझ्याकडे यायचं. म्हणजे मला सांगता येईल, सगळं नीट झालं म्हणून. पण ती उठतच नाही, बाबा. म्हणते, मला पहिलीच जागा लागते, आणि तिथे दुसरं कोणीतरी बसलंय."

बाबांनी पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं.

"कुलूप मी उघडतो," विक्रांत म्हणाला. "वाट मी काढून देतो. शेवटी एक ओळसुद्धा लिहू नये?"

"दवाखान्याचं दार आज कोणी उघडलं, जरा विचारून ये," बाबा म्हणाले.

विक्रांत ओसरीवर गेला. पंधराएक माणसं बसली होती. त्याने एकेकाला विचारलं. कोणी म्हणालं, कुंदाताईंनी उघडलं असेल. कुंदाताई म्हणाल्या, मी आले तेव्हा उघडंच होतं. गुडघे धरून बसलेली भुलाय आजी त्याच्याकडे बघत राहिली.

"उघडंच होतं ना, बाबू. आम्ही आलो आत. काऊन, बंद पाह्यजे होतं का?"

ओसरी हसली.

विक्रांत परत आला. "कोणालाच माहीत नाही."

"हं," बाबा म्हणाले.

विक्रांत बराच वेळ पडद्यावरचं स्वतःचं नाव वाचत बसला. मग त्याने पेनड्राइव्ह लावला, यंत्र त्याच्यावरून चालू केलं, त्या तीसेक ओळी उघडल्या आणि काढलेला शब्द परत जागेवर लिहिला. त्याखाली त्याची ओळ होती. तिच्यावर बोट थांबलं.

"हीपण पुसू?"

"राहू दे. मजकूर तेवढा बदल. तो शब्द असूनही तिथवर कोणी पोचलं, तर काय झालेलं असेल?"

विक्रांतने विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरत गेलं... त्याने लिहिलं : जागा सोडता आली नाही.

खाली नाव घातलं नाही.

पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू केलं. काळ्या पडद्यावर चार ओळी धावल्या आणि पुसल्या गेल्या. पेशंटांची यादी समोर आली.

कुंदाताईंनी खुर्ची ओढली आणि भुलाय आजीला हाक मारली. यादीत बघून म्हणाल्या, मागच्या लाल गोळीने पोट बिघडलं होतं ना, मग ती नको. आजी औषध घेऊन गेली. दुसरा पेशंट आला, तिसरा आला. कुंदाताईंनी मान वळवून पाहिलं नाही.

बाबांनी आपली जुनी वही विक्रांतच्या हातात ठेवली. यंत्राचं सगळं तिच्यात लिहिलेलं होतं. विक्रांतने वाकून नमस्कार केला.

पण त्याचा पाय निघेना. वही छातीशी धरून तो कुंदाताईंच्या खुर्चीमागे उभा राहिला. आणखी दोन पेशंट होऊन गेले.

बाबा काठी चाचपत दारापर्यंत गेले. तिथे थांबले.

"विक्रांत," ते म्हणाले, "तू अजून इथेच?"