नदीच्या दोन काठांवरची शेतं

आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळी एका राजाने आपले राज्य दोन मुलांत वाटून दिले. मधून नदी वाहत होती. उजवा काठ थोरल्या चंद्रभानाला मिळाला, डावा काठ धाकट्या कमळजेला. दोन्हीकडे सारखीच काळी जमीन, सारखेच डोंगर, सारखीच गायराने.

दरवर्षी सुगी संपली की भाऊबहीण नदीकाठी भेटत. तेव्हा चंद्रभान हमखास विचारी, "कमळे, यंदा नांगराखाली किती जमीन वाढली तुझ्याकडे?"

"थोडीशी, दादा."

"माझ्याकडे बघ!" तो हसून हात पसरी. आणि खरेच, त्याची शेते डोंगरावर चढत चालली होती. त्याने रान तोडले, गायराने नांगरली, तळीसुद्धा बुजवून त्यांवर ज्वारी पेरली. नव्या जमिनीत पीक मायंदाळ आले. लोक त्याचा जयजयकार करू लागले.

कमळजेचे सरदार अस्वस्थ झाले. "राणीसरकार, आपण मागे पडलो!"

कमळजा आपला डोंगर पाहायला गेली. तिथेही काही लोकांनी उतारावर शेते केली होती. पण जागोजाग माती वाहून जाऊन खाली पांढरा खडक उघडा पडला होता. राणीने तिथेच हुकूम दिला, "उतारावरची शेती बंद. इथे पुन्हा गवत आणि झाडं वाढू द्या."

तेव्हा तुळसा नावाची एक विधवा शेतकरीण पुढे आली.

"राणीसरकार, या जमिनीतले दगड मी न् माझ्या धन्यानं हातानं वेचलेत. डोंगर हिरवा होईल, पण मी खाऊ काय? गवत?"

राणीला आपली चूक उमगली. तिने मातीचा विचार केला होता, तुळसेचा केला नव्हता. ती मान खाली घालून परतली.

दुसऱ्या दिवशी तिने राजवाड्यामागचे घोडदौडीचे मैदान नांगरायला लावले. सपाट, कसदार जमीन होती ती. सरदार ओरडले, "घराण्याचं मैदान! दरबारचे घोडे धावायचे कुठे?"

"घोडे नदीच्या वाळूत धावतील," राणी म्हणाली. "या मैदानातली जमीन उतारावरच्या माणसांची."

तुळसेला तिथे शेत मिळाले. मग ती आणि तिच्यासारखे कितीतरी जण डोंगरउताराला दगडांच्या ताली, म्हणजे माती अडवणारे आडवे बांध, घालायला आपणहून गेले. दर पावसाळ्यात ताली फुटत, दर उन्हाळ्यात लोक त्या पुन्हा बांधत. गायराने राखली गेली. गुरे तिथे चरत आणि शेतांना शेणखत मिळे. त्या वर्षी मात्र राणीची लागवडीची जमीन वाढण्याऐवजी घटली. नदीकाठी चंद्रभान पोट धरून हसला. कमळजाही हसली, पण तिचा निश्चय ढळला नाही.

वर्षे लोटली. दोघांचे केस पिकले.

उजव्या काठचा डोंगर बोडका झाला होता. दर पावसाळ्यात थोडी थोडी माती नदीला जाई. चारा नाही म्हणून गुरे घटली, गुरे घटली म्हणून खत घटले. नांगराचे फाळ खडकावर खणखणू लागले. आणि एका वर्षी अखंड पाऊस लागला. डोंगरावरून गोटे आणि वाळू घरंगळत आली आणि खालच्या उत्तम शेतांवर पसरली. जमीन वाढवता वाढवता चंद्रभानाकडे वडिलांनी दिली होती तिच्या निम्मीही उरली नाही.

डाव्या काठावर तोच पाऊस पडला. तिथे गवताने आणि तालींनी माती धरून ठेवली.

चंद्रभान होडीतून बहिणीकडे आला. आता त्याच्या आवाजात तोरा नव्हता. "माझी माणसं उपाशी आहेत, कमळे."

"कोठारं उघडायला सांगितलीत, दादा. नावा भरताहेत. आधी जेवून घे."

जेवताना तो म्हणाला, "तुझी जमीन मला नेहमी कमी दिसली. मी तुझ्यावर हसत राहिलो."

"तुझ्याकडेही माती परत साठेल," कमळजा म्हणाली. "पण वेळ लागेल. कदाचित तुझ्या-माझ्या डोळ्यांना ते दिसणारही नाही."

"न दिसो," चंद्रभान म्हणाला. "ताली कशा घालतात ते शिकवायला माणसं दे."

म्हातारी झालेली तुळसा स्वतःच होडीत बसली. तिने उजव्या काठच्या राजाच्या हातात पहिला दगड दिला आणि तो कुठे ठेवायचा ते दाखवले. राजा वाकला. मरेपर्यंत तो दर उन्हाळ्यात डोंगरावर जात राहिला. त्याच्या हयातीत तिथे फक्त गवत उगवले. ज्वारी डोलली ती त्याच्या नातवंडांच्या काळात.

बोध : जमीन नांगराखाली कोणीही आणील, तिची माती जो राखतो, तोच तिचा खरा धनी.