मुदपाकखान्यात एकच चूल

"उद्यापासून आमच्या मुदपाकखान्यात एकच चूल पेटेल!" रणधवलमहाराज भरल्या ताटावरून उठत गरजले.

ताटात होतं तरी काय? गार रस्सा, खाली लागलेली बासुंदी आणि अर्धं कच्चं वांग्याचं भरीत! धूर तर इतका, की महाराजांनी भरीत समजून लिंबाच्या लोणच्याचा घास घेतला होता.

दोष स्वयंपाकीण गोजराचा नव्हता. महाराजांना राण्या तीन, आणि तिघींचं चुलीवरून वाजलेलं. थोरल्या राणीसाहेबांना लाकडावरची मातीची चूलच हवी. जाळ ढणढणल्याशिवाय रस्स्याला तर्री येत नाही म्हणे! मधल्यांना भुशाची शेगडी हवी, कारण दूध आटायचं ते मंद आचेवरच. आणि धाकट्या राणीसाहेबांनी माहेराहून कोळशाची शेगडी आणलेली. वांगं, कणीस, पापड, जे काही भाजायचं ते निखाऱ्यावरच. तिन्हीपुढे गोजरा एकटी! इथं लाकूड सारावं, तर तिथं दूध लागायचं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते खरं, पण इथं एकाच घरात तीन तऱ्हेच्या.

"कोणती चूल ठेवायची ते तू ठरव," महाराजांनी गोजराला फर्मावलं. "आठ दिवस देतो. बाकीच्या मोडून टाक. आणि ऐक! एकाही राणीसाहेबांचा रुसवा राहिला, तर पळी खाली ठेवायची आणि गावची वाट धरायची!"

जो निवाडा तीन वर्षं महाराजांना स्वतःला जमला नव्हता, तो त्यांनी असा स्वयंपाकिणीच्या गळ्यात बांधला. मोठ्या माणसांची हीच तर हुशारी!

गोजराला मात्र रडू फुटलं. गावी तिला ना घर होतं ना शेत. नवरा गेल्यापासून सोळा वर्षं हा मुदपाकखाना हेच तिचं घर.

त्यात राण्यांची बोलावणी सुरू झाली. "माझी चूल मोडलीस, तर गाठ माझ्याशी आहे!" थोरल्या म्हणाल्या. मधल्यांनी नवंकोरं इरकली लुगडं पुढे सरकवलं आणि नुसत्या हसल्या. गोजराने ते तिथंच ठेवलं. धाकट्यांनी थेट हुंदके द्यायला सुरुवात केली. इकडे आड, तिकडे विहीर आणि मध्ये धाकट्यांच्या आसवांचं तळं!

दोन दिवस गोजरा रडतरडतच तिन्ही चुली फुंकत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि वारुळाची माती आणायला निघाली. मातीत शेण घातलं, भुसकट घातलं, चांगली तुडवली आणि मागच्या पडवीत काहीतरी थापून त्यावर गोणपाट टाकलं.

"काय गं, ठरलं का?" महाराजांनी येताजाता विचारलं.

"वाळतंय सरकार!"

"काय वाळतंय? निर्णय?"

"व्हय सरकार. वल्ला असताना हात लावला, तर तडा जातो."

आठव्या दिवशी महाराज राण्यांसह मुदपाकखान्यात येऊन बघतात, तर मातीची चूल फुटलेली! भुशाची शेगडी चेपून अंगणात! कोळशाची शेगडी तिच्याच उरावर उपडी!

"हे काय केलंस?" तिन्ही राण्या एकदम ओरडल्या. तशातही महाराजांना क्षणभर बरं वाटलं. तीन वर्षांत तिघी पहिल्यांदाच एका सुरात बोलत होत्या.

मग त्यांना आपला हुकूम आठवला. "एक रुसली तरी घालवीन म्हटलं होतं. इथं तर तिघी रुसल्या! ठेव पळी!"

"ठेवते सरकार. पर आधी पडवीत चला. उपाशी पोटी निवाडा करू नये."

पडवीत गोणपाट काढून टाकलेलं होतं. नव्या चुलीच्या मोठ्या तोंडावर, ढणढणत्या जाळावर रस्सा उसळत होता. चुलीला लागूनच वैल होता. आतल्या वाटेने येणाऱ्या उरल्यासुरल्या धगीवर तिथं दूध निवांत आटत होतं. आणि चुलीपुढे ओढलेल्या निखाऱ्यांवर वांगी तडतडत होती.

"आमच्या माहेरी मोळी दोन कोसांवरनं आणायची," गोजरा म्हणाली. "एकदा पेटवलेला जाळ वाया कोण घालवील?"

थोरल्यांनी रस्स्याची तर्री पाहिली आणि कपाळावरची आठी पुसली. मधल्यांनी बोटभर साय चाखली. धाकट्या तर वांग्याशीच जाऊन बसल्या. रुसवा शोधूनही सापडेना!

पण महाराज हट्टी. हरले असं कसं म्हणतील?

"लबाडी आहे ही!" ते म्हणाले. "आम्ही एकच चूल म्हटलं होतं. तू तीन चुली करून एकमेकींना चिकटवल्यास!"

"इस्तू किती ठिकाणी पेटवलाय, सरकार?"

"एकाच ठिकाणी."

"मग चूल एकच की!"

"आणि ही तीन भांडी तीन जागी बसलीत ती?"

गोजराने पदर सावरला आणि मान खाली घातली. "लहान तोंडी मोठा घास घेते, सरकार. वाड्यात राणीसाहेब तीन हायत. म्हणून महाराजबी तीन म्हणायचे का?"

मग धाकट्यांना पदराआड खुदकन हसू आलं. थोरल्यांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. महाराजांनी मिशीला पीळ देऊन पाहिला, डोळे वटारून पाहिले, आणि शेवटी पोट धरून हसत खालीच बसले.

"एकच गं बाई, एकच!" ते म्हणाले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी गोजरापुढे धरलं. "हे तुझं, आणि ही पळीही जन्मभर तुझीच! पण तिघींना पुरता पुरता त्या एका विस्तवाची काय गत होते, ते मात्र आम्हाला विचार!"