नव्वदावा दिवस

माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील, शब्द साधे असतील. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

एकदा एक शेटजी तात्यांकडे माणूस मागायला आले. वृद्ध तात्या कारखान्यांना कामगार मिळवून देत आणि मी त्यांच्या हाताखाली ते काम शिकत होतो. शेटजींचे शीतगृह होते. करार असा, की कामगार नव्वद दिवस टिकला तरच तात्यांना त्याचे कमिशन; आधी गेला तर बदली माणूस फुकट. तीन वर्षांत एकामागून एक अकरा जण दिले. एकही टिकला नाही.

"तुमची माणसं म्हणजे उन्हातला बर्फ हो, तात्या," शेटजी हसले. "उद्या बारावा पाठवा."

बारावा यल्लाप्पा. हातची नोकरी सोडून आलेला, दाराशी पिशवी घेऊन बसला होता. "मी नाही पळणार, साहेब," तो मला हळूच म्हणाला.

तात्यांनी अकरा नावांचा कागद उचलला आणि भर दुपारी शेटजींना व मला घेऊन ते शीतगृहात गेले. आत धुके, बटाट्यांच्या गोण्यांच्या रांगा. माणूस एकही नाही. तात्यांनी चष्मा लावला आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"सिद्राम."

गोण्यांमागून आवाज आला, "हजर."

"नूरमहंमद."

"हजर."

अकराही नावांना उत्तर आले. शेटजींच्या तोंडातून नुसती वाफ निघत होती. मी धावत गोण्यांमागे गेलो. तिथे कोणी नव्हते.

"तात्या, मेले का हो ते?"

"नाही रे. काल सगळ्यांना फोन केला. आपापल्या गावी धडधाकट आहेत. प्रत्येकाला शेटजींनी एकोणनव्वदाव्या दिवशी घरी पाठवलं. त्यांचा नव्वदावा दिवस तेवढा इथं राहिला आहे."

शेटजी पुटपुटले, "करारात बसतं ते."

"बसतं. करार मीच लिहिला. माझी माणसं पक्की, या गर्वानं लिहिला. माणूस राहिला तर लाभ माझा, गेला तर तुमचा. खुद्द त्या माणसाच्या लाभाची एक ओळ मात्र आपल्या दोघांनाही सुचली नाही. ज्या दिवशी पैसे द्यायचे ठरतात, त्या दिवसापर्यंत माणसाला पोहोचू न देण्याचा मोह तिथेच जन्मतो. तुम्ही मोहात पडलात, शेटजी. पण खड्डा मी खणला होता."



दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा करार लिहिला. कमिशन महिन्याच्या महिन्याला, माणूस कामावर असेल तोवर. फुकट बदली नाही. शेटजींनी मान खाली घालून सही केली. मग यल्लाप्पाला खुर्चीवर बसवून मी सगळा कागद वाचून दाखवला.

"मला कशाला वाचताय, साहेब? सह्या तर तुमच्या दोघांच्या."

मी बोट ठेवून त्याला तिसऱ्या सहीची जागा दाखवली.