थोरलीला अंगण, धाकटीला ओढा

एका गावात बुरुडाचं एक घर होतं आणि त्या घरात दोन जावा होत्या. थोरली सोजरबाई, धाकटी भागीरथी. दोघी दिवसभर उकिडव्या बसून बांबूच्या पट्ट्यांची सुपं आणि टोपल्या विणायच्या. कामात दोघी सारख्या, पण मान थोरलीचा. हळदीकुंकू आधी तिला, नवं लुगडं आधी तिला. आपला मान वसूल करायला सोजरबाई कधी विसरत नसे.

सगळ्यांत मोठा मान नवरात्रातला. अष्टमीला घरच्या थोरल्या सुनेनं नव्या सुपात खण-नारळ घेऊन गावाबाहेरच्या टेकडीवर जायचं आणि देवीची ओटी भरायची. गाडी नाही, डोली नाही, पायीच जायचं. सोजरबाई एकवीस वर्षं जात होती. त्या दिवशी सगळं गाव तिला वाट करून देई, आणि पुढचं वर्षभर ती त्या तोऱ्यात राही.

यंदा मात्र चैत्रातच तिचे गुडघे धरले. उठताना भिंत लागे, बसताना 'आई गं' होई. त्याच सुमाराला भागीरथीचेही पाय कुरकुरायला लागले. ज्येष्ठ सरता सरता घरच्यांनी शेजारच्या गावातून वैद्यांना बोलावलं. वैद्य म्हातारे होते. त्यांनी नाडीला हातही लावला नाही. "चालून दाखवा," एवढंच म्हणाले आणि एकेकीला वेगळं बोलावून तिची चाल बघत बसले.

सोजरबाईला ते म्हणाले, "बाई, तुमचे सांधे आखडलेत. लेप देतो, पण खरं औषध चालण्याचं. उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत सात फेऱ्या, सकाळ-संध्याकाळ, हातात काठी घेऊन. दर आठवड्याला दोन फेऱ्या वाढवा. घाई केली नाहीत, तर अष्टमीला टेकडी चढाल."

हे ऐकून एखादीनं वैद्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं. सोजरबाईनं बाहेर येऊन आधी जावेला गाठलं. "तुला काय सांगितलं गं?"

"ओढ्यापर्यंत जायचं नि परत यायचं, रोज," भागीरथी म्हणाली आणि खाली मान घालून विणायला बसली.

झालं! सोजरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. घरात जाऊन ती नवऱ्याला म्हणाली, "बघितलंत? थोरलीला अंगण आणि धाकटीला ओढा! मी काय रांगतं पोर आहे?"

नवरा म्हणाला, "अगं, औषध आहे ते. त्यात कसला आलाय मान?"

पण सोजरबाईला जगात मान नसलेली गोष्ट ठाऊकच नव्हती. दहाबारा दिवस तिनं कशाबशा फेऱ्या घातल्या. पाय अंगणात आणि डोळे फाटकाबाहेर. भागीरथी कधी निघाली, कधी आली, वाटेत कुणाशी बोलली, सगळं तिला पाठ. गुडघे खरं म्हणजे सुटायला लागले होते. ते तिच्या ध्यानातही आलं नाही. एक दिवस कुंभाराची सून सहज म्हणाली, "धाकट्या बाई रोज भेटतात ओढ्यावर. तुम्ही नाही येत?"

त्या दुपारी घरचे आडवे झाल्यावर सोजरबाईनं काठी कोपऱ्यात टाकली आणि ओढ्याची वाट धरली. ओढ्यालाही थांबली नाही. पलीकडच्या पिंपळापर्यंत गेली, कारण धाकटीच्या पुढे वीस पावलं तरी जायला हवं होतं! परतताना एकेका घराची भिंत धरत आली. दुसऱ्या दिवशी गुडघे टम्म फुगले. वैद्य आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "आता पंधरा दिवस पडून राहा. मग तीन फेऱ्यांपासून सुरुवात."

पडल्या पडल्या तिला भागीरथी ओढ्याला जाताना दिसायची. दुखण्यापेक्षा तेच जास्त सलायचं. 'हिलाच टेकडीवर जायचंय,' ती मनाशी म्हणाली. 'म्हणून तर चालतेय रोज नटवी!' श्रावणात उठून बसता आल्याबरोबर तिनं थोरलेपणाचा हुकूम सोडला, "भागे, बाजार जवळ आलाय. चार टोपल्या झाल्याशिवाय जागचं उठायचं नाही."

भागीरथी काकुळतीला आली. "अक्का, एवढं ओढ्यावर जाऊन येते नि मग बसते. जेवायलासुद्धा उठणार नाही."

"एक दिवस नाही गेलीस तर ओढा आटणार नाही," सोजरबाई म्हणाली.

एका दिवसाचे वीस दिवस झाले. भागीरथीचं ओढ्याला जाणं बंद पडलं. भाद्रपदात पाण्याची कळशी आणताना ती दोनदा अडखळून पडली. सोजरबाईनं ते बघितलं आणि तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. त्या आनंदात ती पुन्हा काठी टाकून चालली, पुन्हा गुडघे सुजले, आणि बघता बघता अष्टमी दारात आली.

अष्टमीच्या सकाळी सोजरबाईनं नवं सूप हातात घेतलं. उंबरा ओलांडला, पाच पावलं टाकली आणि मटकन खाली बसली. डोळ्यांत पाणी आलं. सूप तिनं भागीरथीच्या पुढ्यात सरकवलं.

"घे! जा टेकडीवर. हेच हवं होतं ना तुला?"

भागीरथीनं सुपाला हात लावला नाही.

"अक्का, मला टेकडी चढता येणार नाही," ती हळूच म्हणाली. "कधीच येणार नाही. माझे सांधे नाहीत आखडलेले. पायांतलं बळच चाललंय. वैद्यबाबा म्हणाले, हे बळ वाढायचं नाही. रोज ओढ्यापर्यंत चाललीस तर आहे तेवढं टिकेल. त्याच्यापुढं जायचं नाही नि खाडाही करायचा नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही सगळ्यांनी मला कोपऱ्यात बसवून ठेवलं असतं. मला बसायचं नव्हतं."

सोजरबाईला ते वीस दिवस आठवले. ओटीची वेळ टळत होती. शेवटी घरच्यांनी कुंभाराच्या सुनेला हाक मारली आणि सूप तिच्या हाती दिलं. वळणापाशी ती दिसेनाशी होईपर्यंत दोघी जावा अंगणात बसून होत्या.

मग सोजरबाईनं विचारलं, "भागे, वैद्यांनी माझं अंगण तुला दिलं असतं नि तुझा ओढा मला, तर?"

"दर आठवड्याला दोन फेऱ्या वाढवा, असं मला कुणी सांगितलं असतं ना अक्का," भागीरथी म्हणाली, "तर मी या अंगणात नाचले असते."

सोजरबाईनं तिचे दोन्ही पाय हातांत धरले आणि ती हमसून हमसून रडली.

तात्पर्य: दुसऱ्याला किती मिळालं ते आपल्याला दिसतं, का मिळालं ते दिसत नाही, म्हणून मत्सरानं त्याची वाट अडवू नये आणि आपल्या वाट्याची पावलं वाया घालवू नयेत.