जीप गाईना, पिल्लू झोपेना

जीपमध्ये टेप बसवावा तर मीच! मी रंगू मिस्त्री. माझा हात लागला की जीप गाते. काल एक बसवला. जीप गायली? छे! साधं कुईसुद्धा केलं नाही.

त्या जीपच्या सीटखाली राहते खारकी उंदरीण. आणि तिचं इवलंसं पिल्लू. जुना टेप गायचा, पिल्लू झोपायचं. मी जुना काढला, नवा लावला. गाणंच गेलं. पिल्लू रडायला लागलं. चूं चूं चूं! रडून रडून घसा बसला बिचाऱ्याचा.

खारकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली स्पीकरपाशी.
“स्पीकरदादा, स्पीकरदादा, गाणं म्हण. पिल्लू झोपेना.”
“टेप सूर देईना, मी गाऊ कसा?”

तुरुतुरु, तुरुतुरु. आली टेपपाशी.
“टेपदादा, टेपदादा, सूर दे. स्पीकर गाईना, पिल्लू झोपेना.”
“लाल वायर वीज देईना, मी सूर देऊ कसा?”

तुरुतुरु, तुरुतुरु. आली लाल वायरपाशी.
“वायरताई, वायरताई, वीज दे. टेप सूर देईना, स्पीकर गाईना, पिल्लू झोपेना.”
“ही बघ माझी डबी. रिकामी! हिच्यात फ्यूज हवा, काचेची इवली नळी. मिस्त्री फ्यूज लावीना, मी वीज देऊ कशी?”

तुरुतुरु, तुरुतुरु. आली माझ्यापाशी. मी चहा पीत होतो. फुर्रर्र!
“मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, फ्यूज लावा. वायर वीज देईना, टेप सूर देईना, स्पीकर गाईना, पिल्लू झोपेना.”
“अगं, फ्यूज सगळ्यात शेवटी लावायचा असतो. लावलाच असणार मी! बॅटरीच झोपली असेल. जा, उठव तिला.”

तुरुतुरु, तुरुतुरु. आली बॅटरीपाशी.
“बॅटरीआजी, बॅटरीआजी, ऊठ गं. मिस्त्री फ्यूज लावीना, वायर वीज देईना, टेप सूर देईना, स्पीकर गाईना, पिल्लू झोपेना.”
“मी तर टक्क जागी! फ्यूज आहे रंगूच्या कानामागे. पेन्सिल खोचावी तसा!”

खारकी सरसर माझ्या खांद्यावर चढली. गुदुगुदु! मी कान खाजवला. टप्! फ्यूज मांडीवर.

आता काय करता? लावला गुपचूप. टिक!

मिस्त्रीने फ्यूज लावला. वायरने वीज दिली. टेपने सूर दिला. स्पीकर गायला. रुणुझुणु, रुणुझुणु! पिल्लाने दिली मोठ्ठी जांभई. आणि झोपलं.

“बघितलंस?” मी म्हटलं. “पहिल्या फटक्यात! आता हॉर्न ऐक.”

दाबला. हॉर्न गप्प. पुन्हा दाबला. गप्पच.

खारकी हळूच म्हणाली, “मिस्त्रीकाका, हॉर्नचा फ्यूज तुमच्या दुसऱ्या कानामागे आहे. माझं पिल्लू उठेपर्यंत राहू द्या तिथेच!”