बारा मुलांची हाक

राजाच्या मागे गादी कुणाची, यावरून फार पूर्वी दोन सख्खे भाऊ एकमेकांवर उठले. गावं जळाली, माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. त्या पळापळीत कोष्ट्याची नऊ वर्षांची सगुणा आईच्या हातातून सुटली ती सुटलीच.

डोंगरातल्या देवळात एक गुरवीण अशी हरवलेली मुलं सांभाळायची. सगुणा धरून ती बारा झाली. दर आठवड्याला एक मीठवाला खालच्या बाजाराला जाई. त्या बाजारात दोन्ही बाजूंची माणसं येत. मिठाने भरलेल्या गाडीत मात्र एकाच मुलापुरती जागा होती, म्हणून आपली माणसं शोधायला मुलं पाळीपाळीने जात.

सगुणाची पाळी आली, तशी मुलं भोवती जमली. "माझ्या आईचंही विचारशील?" चार वर्षांच्या भिवाला बापाचं नुसतं नाव सांगता येई, येसू.

थोरली चंद्री म्हणाली, "बाजार दुपारी मोडतो. तू तुझंच बघ. आणि भिवाच्या लोकांनी तर आपली घरं जाळली."

"भिवाने नाही जाळली," सगुणा म्हणाली आणि तिने बाराही मुलांची आणि त्यांच्या आईबापांची नावं पाठ केली.

बाजारातल्या पारावर चढून ती एकेक नाव पुकारत राहिली. घसा बसला. बाजार मोडता मोडता एक धनगर धावत आला. "येसू मीच. कुठाय माझा भिवा?"

तिच्या आईबद्दल मात्र कुणीच काही सांगितलं नाही. परतताना, मीठ विकून रिकाम्या झालेल्या गाडीत ती रडली. शेजारी बसलेला येसू म्हणाला, "पोरी, उरलेली नावं मला सांग. मेंढरं घेऊन मी गावोगाव फिरतो."

भिवाला घरी पोचवून तो निघाला. त्याच्याच बाजूच्या एका गावात सगुणाची आई लपून राहिली होती. शत्रूच्या तोंडी लेकीचं नाव ऐकून ती आधी घाबरली, हा सापळा तर नसेल? मग मन घट्ट करून बाहेर आली.

सहाव्या दिवशी ती देवळात पोचली. सोबत आणखी दोन मुलांच्या आया होत्या. सगुणा धावत आली. आईच्या कुशीत शिरली आणि कितीतरी वेळ तशीच राहिली.

पुढच्या बाजाराला चंद्रीची पाळी होती. गाडीत चढण्याआधी तिने उरलेल्या मुलांना जवळ बसवलं. "सावकाश सांगा," ती म्हणाली. "एकही नाव राहायला नको."

तात्पर्य: आपलं माणूस शोधताना दुसऱ्याचंही शोधावं; मग आपलं माणूस शोधणारेही वाढतात.